मालक, फाट्यावर हाये!

शेवगावात ज्याच्या दारात एकापेक्षा जास्त गाड्या उभ्या राहतात, त्याला दिवसभर एकच प्रश्न पडलेला असतो. गाडी कुठंय? उत्तरही वर्षानुवर्षं एकच. ‘मालक, फाट्यावर हाये.’ कोणत्या फाट्यावर, हे विचारायची पद्धत नाही. विचारून उपयोगही नाही, कारण आमच्याकडे प्रत्येक गावाला एक फाटा आहे आणि काही फाट्यांना गावच नाही. नेवाशाच्या रस्त्याला लागलात की भातकुडगाव फाटा, शेवटी नेवासा फाटा, आणि मधे ज्याला जिथं चहा मिळाला तो त्याचा फाटा. त्यामुळे हे उत्तर भूगोलाच्या दृष्टीनं कधी खोटं ठरत नाही आणि मालकाच्या कधी उपयोगी पडत नाही.

जुने गाडीमालक म्हणून उत्तराकडे लक्षच देत नसत. ते उत्तराच्या मागचे आवाज ऐकत. मागे तव्यावर उलथनं वाजलं तर ढाबा. पोरं खिदळली आणि कुणी ‘पाव्हणं, च्या घ्या’ म्हणालं तर सासरवाडी. काहीच ऐकू आलं नाही तर गाडी झाडाखाली आणि ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा. आणि ज्या दिवशी ड्रायव्हर न विचारता स्वतःहून फोन करून ठिकाण सांगे, त्या दिवशी मालक आधी पायात चप्पल सरकवत आणि मग पुढचं ऐकत, कारण गाडी ठोकलेली असे.

पुढे मोबाइल सुधारले. नवे मोबाइल बोलणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवतात आणि मागचा कलकलाट गाळून टाकतात. कंपन्यांना वाटलं, लोकांची सोय झाली. शेवगावच्या वाहतूक व्यवसायाचा मात्र एका रात्रीत कणा मोडला. आता फोनवर नुसता ड्रायव्हर ऐकू येतो. ढाबा ऐकूच येत नाही.

आमच्या अण्णांनी गाड्यांना जीपीएस बसवायचं ठरवलं ते याच टप्प्यावर. अण्णांकडे एक दहा चाकी, डबल ट्रॉलीसकट दोन ट्रॅक्टर, एक पिकअप आणि देवदर्शनाच्या सहलींसाठी एक सतरा सीटर. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ऊस आणि कापूस, उन्हाळ्यात विटा, देव बारमाही. कोटेशन इंग्रजीत आलं म्हणून ते वाचून सांगायला माझी नेमणूक झाली. मी हायस्कूलवर इतिहास शिकवतो, पण गावात सर म्हटला की त्याला सगळ्या प्रकारचं इंग्रजी येतं असं धरून चालतात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नसतात, हे जगाला माहीत आहे. २०११ साली तिथं एका बँकेनं शाखा काढली, तीसुद्धा कुलपाशिवाय. आणि तिथून गाडीनं जेमतेम तास-दीड तासावर राहणारा एक सज्जन माणूस स्वतःच्याच गाडीवर नजर ठेवायला वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह कामाला लावतो. शनिदेवाचं कार्यक्षेत्र तालुक्याच्या हद्दीला संपतं, एवढाच याचा अर्थ.

डबे दाखवायला नगरहून एक तरुण आला. त्याच्या बॅगेत दोन डबे होते, एक काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आणि एक शाळेतल्या कंपासपेटीएवढा. त्यानं दोन्ही अण्णांच्या ओट्यावर ठेवले आणि पहिलाच प्रश्न असा टाकला की बाजूला बसलेल्या वहिनीही तांदूळ निवडायच्या थांबल्या.

‘सर, तुम्हाला नुसती गाडी बघायचीय, की फ्लीट मॅनेज करायचीय?’

त्या क्षणापर्यंत अण्णा चार पैसे मिळवायला गाड्या पळवणारे साधे गृहस्थ होते. प्रश्न ऐकल्यावर ते खुर्चीत सरळ बसले आणि त्यांचा आवाज जाड झाला.

बेसिक डब्याचं काम सरळ होतं. चार वायरी. एक प्लसची, एक मायनसची, एक चावीची, एक रिलेची. गाडी कुठंय, चालू का बंद, वेग किती आणि काल कुठं कुठं फिरली, एवढं सांगतो. कुणी वायर कापली तर ओरडतो. किंमत दोन-अडीच हजारांच्या आसपास, पुढे दरवर्षी सिमचं आणि सर्व्हरचं रिचार्ज. ॲडव्हान्स्ड डबा एकटा येत नाही, सगळा परिवार घेऊन येतो. टाकीत उतरणारी डिझेलची दांडी, रस्त्याकडे बघणारा कॅमेरा, ड्रायव्हरकडे बघणारा कॅमेरा, इंजिनच्या संगणकाशी बोलणारी वायर, वेग-ब्रेक-वळणांचा हिशोब आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक ड्रायव्हरचं प्रगतिपुस्तक. थोडक्यात, बेसिक डबा विचारल्यावर बोलतो. ॲडव्हान्स्ड डबा म्हणजे लग्नात मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या आत्याबाई. कोण कधी आलं, काय नेसून आलं, आहेराचं पाकीट किती फुगलं होतं, हे त्या न विचारता सांगतात. फक्त जेवायला कधी वाढणार ते त्यांना माहीत नसतं.

अण्णांची पहिली शंका मूलभूत होती. ‘म्हणजे अमेरिकेला आपली गाडी दिसणार?’

पोरानं समजावलं. उपग्रहाला तुमची गाडी दिसत नाही, तुमची गाडी आहे हेही त्याला माहीत नाही. तो वरून सतत फक्त आपली जागा आणि वेळ सांगत असतो. खालचा डबा निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, कुणाचा संदेश किती उशिरा पोचला त्यावरून अंतरं काढतो आणि त्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. मग ती जागा मोबाइलच्या टॉवरमार्फत सर्व्हरला पाठवतो. तिथून ती तुमच्या फोनवर येते. ‘आणि सर, यात आपल्या देशाची नाविक सिस्टीमपण आहे. इस्रोची.’

‘आपल्याकडं गाड्या हायेत,’ अण्णा म्हणाले. ‘होडी नाही.’

पोरगा हसला. त्याला वाटलं अण्णांनी विनोद केला. भारतानं स्वतःचे उपग्रह सोडून उभी केलेली ही व्यवस्था २०१६ साली या नावानं ओळखली जाऊ लागली, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं ज्ञान मधे घातलं. अण्णांनी माझ्याकडे कोटेशन वाचायला बोलावलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

‘नाविक’ या नावाची प्रचिती मात्र लवकरच आली. सुरुवातीला पिकअपला आणि एका ट्रॅक्टरला बेसिक डबा लावला. पिकअप गेली दहिगाव-ने भागात कापूस भरायला. रात्री उशीर झाला म्हणून ड्रायव्हरनं ती एका शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. पत्र्याखाली डब्याला आकाश दिसेना. उपग्रह दिसेनासे झाले की असले डबे जवळच्या मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजात एखाद्या किलोमीटरची चूक सहज होते. आमचा तो सगळा भाग जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्याच्या कडेचा. डब्यानं बहुधा पाण्यापलीकडचा टॉवर धरला. मध्यरात्री अण्णांनी फोन उघडून बघितलं तर पिकअप नाथसागराच्या मध्यभागी, चावी बंद, वेग शून्य.

अण्णांनी ड्रायव्हरला उठवलं. ‘आरं, कुठंयस तू?’

‘मालक, बाजंवर हाये.’

‘गाडी पाण्यात दिसतीये!’

बराच वेळ शांतता. मग पलीकडून झोपाळू आवाज आला, ‘मालक, कापूस तर कोरडा हाये.’

सतरा सीटरच्या बाबतीत अण्णांना निवडीचं स्वातंत्र्यच नव्हतं. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना माग काढणारं यंत्र आणि संकटकाळी दाबायचं बटण सक्तीचं झालं. रिक्षांना त्यातून सूट आहे. यंत्र कसं असावं हे ठरवणारं मानक म्हणजे एआयएस-१४०. ते पुण्यातल्या एआरएआय या संस्थेनं प्रसिद्ध केलेलं. त्या मानकाप्रमाणे डब्याला स्वतःची बॅटरी हवी, गाडीची बॅटरी तोडली तरी काही तास जगली पाहिजे. रेंज नसेल तेव्हा ४०,००० नोंदी पोटात साठवता आल्या पाहिजेत आणि रेंज आली की ओकता आल्या पाहिजेत. बटणामागचा विचार गंभीर आहे. २०१२ साली दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर बायकांना प्रवासात मदत मागता यावी म्हणून ते आलं.

आमच्या सतरा सीटरचे प्रवासी मात्र मोहटादेवी, पैठण आणि शिंगणापूर करणारे. सरासरी वय साठच्या पुढे. गाडी चाचा चालवतात. चाचा अण्णांच्या वडिलांपासूनचे. त्यांनी अण्णांना लहानपणी कडेवर घेतलंय, त्यामुळे ते अण्णांना घाबरत नाहीत. प्रत्येक सहलीच्या आधी चाचा लाल बटण दाखवून बजावतात, ‘हे फक्त संकटातच दाबायचं.’ एकदा पाथर्डीच्या अलीकडे एका आजींनी ते दाबलंच. चाचांनी गाडी बाजूला घेतली, धावत मागे गेले. ‘काय झालं आजी?’

‘मला लघवीला जायचंय,’ आजी म्हणाल्या. ‘ह्याच्याहून मोठं संकट कंचं?’

मालाच्या गाड्यांना, घातक माल किंवा वाळू-खडीसारखं गौण खनिज नेणाऱ्या सोडल्या तर, अशी सक्ती नाही. सक्ती असती तर डोकं चालवावं लागलं नसतं. सरकारला नावं ठेवली असती आणि डबा बसवून टाकला असता. निवडीचं स्वातंत्र्य मिळालं की माणूस कामातून जातो. अण्णांनी पोराला सांगितलं, ‘दहा चाकीला तुझं मोठं यंत्र लाव. महिनाभर बघू.’

आणि अण्णांच्या घरी माहितीचा महापूर आला.

सुरुवात डिझेलपासून. दहा चाकी नगरकडे निघाली. करंजीच्या घाटात चढ लागल्याबरोबर अण्णांचा फोन किंचाळला. ‘डिझेल चोरीची शक्यता!’ अण्णांनी ड्रायव्हरला असे काही शब्द ऐकवले की वहिनींनी देवघराचं दार लोटून घेतलं. घाट उतरताना दुसरा संदेश आला, ‘डिझेल भरले.’ पेट्रोल पंप नाही, पावती नाही, आणि टाकीत डिझेल वाढलं. महागाईच्या दिवसांत यंत्रानं फुकट डिझेल दिलं म्हणून अण्णांना ड्रायव्हरबद्दल थोडी दयाही वाटली. कारण सोपं होतं. गाडी चढाला लागली की टाकीतलं डिझेल एका बाजूला कलतं आणि दांडी ज्या बाजूला असते तिथं पातळी कमी-जास्त दिसते. दांडी बसवताना टाकी थोडी थोडी भरत प्रत्येक टप्प्यावर आकडा जुळवून घ्यावा लागतो. पोरानं ते काम चहा होईपर्यंत उरकलं होतं.

मग कॅमेरा. ड्रायव्हरकडे बघणारा कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. डोळे मिटले, मान खाली गेली, जांभई आली की केबिनमध्ये एक बाई शुद्ध हिंदीत सांगते, ‘कृपया सामने देखें.’ आमचा ड्रायव्हर दर अर्ध्या तासाला डाव्या हातावर तंबाखू घेतो, चुन्याची डबी काढतो आणि मळताना तळहाताकडे बघतो. बाई बोलते. त्यानं तंबाखू दाढेखाली धरून गाल फुगवला की बाई पुन्हा बोलते, बहुधा जांभई समजून. दोन दिवसांनी ड्रायव्हर अण्णांना म्हणाला, ‘मालक, घरी बी हेच, गाडीत बी हेच. मंग पगार कशाचा घ्यायचा?’

तिसरं म्हणजे गुणपत्रिका. महिन्याच्या शेवटी यंत्रानं ड्रायव्हरला शंभरपैकी छत्तीस गुण दिले. कारण, जोरात ब्रेक मारण्याचे प्रकार फार. शेवगावच्या रस्त्यांवर जोरात ब्रेक मारत नाही तो ड्रायव्हर जिवंत नसतो. गावागावांत लोकांनी आपापल्या दारासमोर स्वखर्चानं उभारलेले गतिरोधक आहेत, आणि जिथं गतिरोधक नाहीत तिथं त्यांची भरपाई खड्ड्यांनी केली आहे. अण्णांनी कागद ड्रायव्हरसमोर धरला. तो नीट बघून म्हणाला, ‘पस्तीसला पास ना, सर?’ मला विचारलं, कारण मी मास्तर. मी हो म्हणालो. तो दिवसभर खुशीत होता.

चौथं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. ऊस घेऊन गेलेली गाडी कारखान्याच्या यार्डात नंबराची वाट बघते. आमच्या आसपास कारखाने कमी नाहीत. भेंड्याला ज्ञानेश्वर, आदिनाथनगरला वृद्धेश्वर, बोधेगावला केदारेश्वर, नजीक बाभूळगावला गंगामाई. हंगाम भरात असताना वजनकाट्याच्या आधी रांग ही कुठल्याही यार्डात ठरलेली. रांग चार पावलं सरकली की इंजिन चालू, मग बंद, मग चालू. प्रत्येक वेळी अण्णांच्या फोनवर संदेश, ‘वाहन विनाकारण थांबले आहे.’ रात्री दोनला, अडीचला, तीनला. यंत्राला ‘विनाकारण’ हा शब्द कुणी शिकवला कुणास ठाऊक. उसाच्या धंद्यात कारण नसलेलं काही नसतं. गाडी थांबलीय ते कळतं, गाडीला का थांबायला लागलं ते ड्रायव्हरला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ड्रायव्हरला विचारायचंच असेल तर कंपासपेटीएवढ्या डब्याचे पैसे कशाचे, हा प्रश्न वहिनींनी पहिल्या आठवड्यातच विचारला होता. तेव्हा तो बायकी समजून बाजूला ठेवण्यात आला.

सगळ्यात वाईट अवस्था मालकाची झाली. पूर्वी गाडी रात्रभर चाले आणि अण्णा झोपत. आता गाडी चाले आणि अण्णा नकाशावर तो बाण बघत बसत. बाण सरकला की हायसं, थांबला की धस्स. बोधेगावच्या पुढे गेवराईकडे रेंज जाते, तिथं बाण अर्धा अर्धा तास एकाच शेतात उभा राही आणि मग रेंज आल्यावर साठवलेल्या नोंदी एकदम धडाधडा उतरवी. त्या वेळी पडद्यावर दहा चाकी चाललेली दिसे त्या वेगानं आमच्याकडे एसटीही जात नाही. एका रात्री अण्णांना वाटलं, थेट गाडीशीच बोलावं. डब्यातल्या सिमचा नंबर त्यांनी पावतीवर शोधला. तो तेरा आकडी निघाला. यंत्रांच्या सिमना असे तेरा आकडी नंबर देतात, त्यावर माणसानं बोलायची सोय नसते. अण्णांनी तरी तो लावला, दोन-तीनदा लावला आणि ‘गाडी फोन उचलत नाही’ असं सकाळी मला सांगितलं.

मग रिले. चौथी वायर. फोनवरून एक बटण दाबलं की इंजिन बंद. चोरीच्या वेळी उत्तम. शहाणा डबा गाडी उभी असतानाच किंवा अगदी सावकाश असतानाच इंजिन तोडतो, चालत्या गाडीचं नाही. अण्णांच्या चिरंजीवांनी हे शहाणपण पडताळून पाहिलं, आणि तेही ट्रॅक्टर नवरदेवाच्या मिरवणुकीपुढे डीजे ओढत असताना. वेग जवळजवळ शून्य, सगळ्या अटी पूर्ण. ट्रॅक्टर बंद पडला, पुन्हा चालू होईना. नवरदेव घोड्यावर, मुहूर्त टळतोय, भटजी घड्याळ बघतायत. शेवटी गावातल्या वायरमननं रिले बायपास केली. तो गावात अजून त्या कामाचे पैसे मागत नाही, फक्त किस्सा सांगतो.

या महिन्यात मला आमच्या जिल्ह्याचा इतिहास आठवत राहिला. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्या गाडीला कुठलाही डबा नव्हता. तरी ती कुठं आहे हे वाटेतल्या गावांना माहीत होतं, कारण लोकच रस्त्यावर येऊन तिची वाट बघत उभे होते. आता एसटीच्या गाड्याही उपग्रहाच्या नजरेत आल्यात. पण आमच्या स्टँडवर बस कुठवर आली हे विचारायचं तर लोक अजून शेंगदाणेवाल्याकडेच जातात. त्याचं उत्तर मिनिटाला बरोबर असतं, कारण ते चुकलं तर त्याचे शेंगदाणे खपत नाहीत.

आणि माणसांची माग काढायची ताकद बघायची असेल तर गोदाकाठी यावं. गौण खनिजाच्या वाहतुकीला राज्य सरकारनं जीपीएस सक्तीचा केला, उद्देश असा की चोरीच्या वाळूची गाडी सरकारला दिसावी. त्याच काळात वाळूवाल्यांनी मात्र सरकारच दिसेल अशी व्यवस्था उभी केली. व्हॉट्सॲपचे ग्रुप. साहेबांची गाडी बंगल्यातून निघाली की चौकातलं पोरगं टाकतं, पुलावरचं पोरगं टाकतं, फाट्यावरचं टाकतं. असे ग्रुप पकडल्याच्या बातम्या राज्यभरातून येतात. इथं डबा नाही, दांडी नाही, वर्षाचं रिचार्ज नाही, आणि पत्र्याच्या शेडखाली गेलं तरी सिग्नल जात नाही. कुठल्याही कंपनीच्या कोटेशनमध्ये एवढ्या सुविधा मी वाचल्या नाहीत. चांगल्या कामाला ही पोरं मिळत नाहीत, एवढीच अडचण.

पण अण्णांचे डोळे उघडले ते मुकादमामुळे.

उसाच्या धंद्यात ट्रॅक्टरवाल्याची खरी गुंतवणूक ट्रॅक्टरमध्ये नसते, टोळीत असते. कारखान्याकडून उचल घ्यायची, त्यात पदरची भर घालायची आणि पावसाळ्यातच मुकादमाला द्यायची. मुकादम ती कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे बहुतेक करून नवरा-बायकोची जोडी. पाथर्डी, बीड, आमच्या तालुक्यातलीही गावं दसऱ्या-दिवाळीला अशी रिकामी होतात. ज्यांच्या अंगावर ही उचल असते त्यांचे हाल वेगळे, त्यावर विनोद होत नाही. पण मुकादम नावाची असामी वेगळी. त्यातला एखादा एकाच टोळीवर दोन-तीन मालकांकडून उचल घेतो आणि ऐन हंगामात नाहीसा होतो. मग दोन-तीन ट्रॅक्टरवाले एकाच गावात, एकाच घरासमोर, एकमेकांना रामराम घालत उभे राहतात.

अण्णांचा मुकादम त्या वर्षी असाच नाहीसा झाला. अण्णांच्या फोनवर तेव्हा ट्रॅक्टरची जागा, वेग, चावी, कालचा सगळा रस्ता, सगळं अचूक होतं. ट्रॅक्टर अंगणात उभा होता. तो अंगणात उभा आहे हे दर काही मिनिटांनी डब्याकडून कळत होतं. ज्या माणसाच्या खिशात ट्रॅक्टरच्या किमतीइतके पैसे होते, तो कुठं आहे हे मात्र कुठल्याच उपग्रहाला माहीत नव्हतं.

चाचा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, ‘अण्णा, गाडी कधी पळून जात न्हाई. पळतो तो माणूसच. डबा चुकीच्या जागी बसवला.’

अण्णांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, ‘घंटी वाजली.’ उजव्या बाजूला, ‘मी काय करणार?’ आणि महिनाभर आलेल्या सगळ्या घंट्यांची झडती सुरू झाली.

वेग ऐंशीच्या वर. मी काय करणार? ड्रायव्हरला फोन. म्हणजे ऐंशीच्या वेगात असलेल्या माणसाला एका हातानं फोन घ्यायला लावणार. काट. जोरात ब्रेक. खड्डा बांधकाम खात्याचा. काट. यार्डात उभी. कारखान्याची रांग मी ढकलू शकत नाही. काट. तंबाखू. त्याच्या बायकोला जमलं नाही ते मला काय जमणार. काट. रस्ता बदलला. कुठला तरी पूल पाण्याखाली असणार, त्यालाच जास्त माहिती. काट. गुणपत्रिका. छत्तीस टक्क्यांचा ड्रायव्हर काढला तर सत्तर टक्क्यांचा शेवगावात राहायला येणार नाही, पुण्याला जाईल. काट.

उरलं ते थोडं. रात्री गाडी दारात असताना चावी चालू झाली. उठणार, बॅटरी घेऊन पळणार. वायर कापली. उठणार. डिझेल एकदम खाली गेलं, तेही सपाटीवर, गाडी उभी असताना. उठणार आणि ओरडणारही. अपघात झाला तर पुढचा कॅमेरा साक्षीला हवा. तो दिवसा बघितला तरी चालेल.

हिशोब सुटला. यातल्या पहिल्या दोन घंट्या काडेपेटीएवढा डबाही वाजवतो. म्हणून ट्रॅक्टरना आणि पिकअपला बेसिक. सतरा सीटरला कायद्याप्रमाणे एआयएस-१४०. लांब पल्ल्याला जाणाऱ्या आणि मोठी टाकी असलेल्या दहा चाकीला डिझेलची दांडी, पण या वेळी सपाट जमिनीवर दिवसभर बसून टाकी लिटरालिटरानं भरत आकडे जुळवून. समोर बघणारा कॅमेरा ठेवला. ड्रायव्हरकडे बघणारा काढला. तो काढायला ड्रायव्हरनं स्वतःहून पाना आणून दिला. यार्डाचे, ब्रेकचे, वेगाचे सगळे संदेश बंद. आणि उचल द्यायची ती इथून पुढं मुकादमाच्या गावात चार माणसांसमोर, लेखी, हप्त्याहप्त्यानं. हे कलम कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं, तरी सगळ्यात जास्त पैसे त्यानंच वाचतील असा अण्णांचा अंदाज आहे.

वहिनींना तो कागद फार आवडला. त्यांनी त्याच कसोटीवर टीव्हीवरच्या बातम्या घासल्या. घंटी वाजली, मी काय करणार? त्या दिवसापासून घरात फक्त बाजारभाव आणि हवामान लागतं. पुढे त्यांनी ती अण्णांच्या सूचनांनाही लावली, आणि भाजीत मीठ कमी आहे यापलीकडची एकही सूचना टिकली नाही.

नगरचा पोरगा उरलेलं सामान न्यायला आला तेव्हा त्यानं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. म्हणाला, ‘अण्णा, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे शिकवतच नाहीत.’

अण्णांनी त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला. ‘शिकवलं असतं,’ ते म्हणाले, ‘तर तू विकलं काय असतंस?’